अर्धवट सोडलेली फळी

जुनं शहर असणं ही काही सुखाची गोष्ट नाही. नव्या शहराला कुणी काही विचारत नाही, जुन्याकडे मात्र ज्याला त्याला पुरावा हवा. या शहराचंच घ्या. गल्लीतले म्हातारे सांगायचे, दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या खाडीत परमुलखातली जहाजं लागायची. काच उतरायची, घोडे उतरायचे, कापड चढायचं. एक राजा यायचा, शहर जाळून जायचा. लोक शिव्या घालत पुन्हा बांधायचे. मग दुसरा यायचा. शेवटी जे राजांना जमलं नाही ते गाळाने केलं. खाडी भरली, समुद्र मागे सरकला, आणि व्यापारी आपलं चंबूगबाळं उचलून दुसऱ्या बंदराला निघून गेले. मागे राहिले ते होड्या बांधणारे. त्यांना कोण बरोबर नेतंय? पुरावा विचारला की म्हातारे छाती पुढे काढून म्हणायचे, "आम्ही आहोत की!"

पण "आम्ही आहोत" हे काही सरकारदरबारी चालत नाही. तिथे वस्तू लागते.

वस्तूची गरज पडली ती नव्या मालधक्क्यामुळे. एका मोठ्या कंपनीला खाडीकाठची सगळी जमीन हवी होती, होड्यांच्या गल्लीसकट. कंपनीने छापलेल्या गुळगुळीत कागदांत लिहिलं होतं, की ही जागा पूर्वापार ओसाड दलदल असून इथली वस्ती अलीकडची आहे. मिस्त्रींनी ते वाचलं आणि त्यांच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की त्या दिवशी ते जेवलेच नाहीत. "दलदल म्हणे! माझ्या आज्याच्या आज्याने इथे गलबतं बांधली. दलदलीत काय बेडूक बांधत होता काय तो?"

मिस्त्री म्हणजे गल्लीतले शेवटचे होडी बांधणारे. हातातली ताकद गेली, लाकडाच्या होड्या मागणारी माणसंही गेली, प्लॅस्टिकच्या आल्या. कारखान्याला कुलूप लागल्यापासून मिस्त्री घरात बसून भिंतीशी भांडायचे. बायको आधीच गेलेली. थोरला मुलगा दूर नोकरीला, फोनवर "औषध घेता ना?" एवढंच विचारणारा. राहिली धाकटी. गल्ली तिला धाकटीच म्हणायची, चाळिशी आली तरी. ती शिकली ते नेमकं जुन्या वस्तू जपायचं काम. जमिनीतून आणि पाण्यातून जे निघतं ते हवेला लागून मरू नये म्हणून काय करायचं, हे तिचं शिक्षण. मिस्त्री कौतुकाने आणि थोड्या कुचेष्टेने सगळ्यांना सांगायचे, "आमची धाकटी मेलेल्यांची डॉक्टर आहे. रोगी कधी तक्रार करत नाही."

मालधक्क्यावर ओरड झाली तेव्हा सरकारने थोडं उत्खनन करायला परवानगी दिली. उत्खननाचे प्रमुख गल्लीत खड्डेवाले सर म्हणूनच ओळखले जायचे. साधा, घाबरट, पण कामाला प्रामाणिक माणूस. कितीतरी महिने नुसता चिखल निघाला आणि फुटकी खापरं. आणि मग एक दिवस, मुदत संपत आली असताना, काळ्या गाळात खोलवर फळ्या सापडल्या.

होडीच्याच फळ्या. कडेने ओळीत भोकं, दोरीने एकमेकींना शिवण्यासाठी. पण खरी गोष्ट पुढेच. त्यातल्या एका फळीला अर्ध्यापर्यंत भोकं होती आणि पुढे नुसत्या खुणा. टोकदार हत्याराने केलेले बारीक खड्डे, "इथे भोक पाडायचं" असं सांगणारे. कुणीतरी मापं घेतली होती, अर्धं काम केलं होतं, आणि ते टाकून तो निघून गेला होता. जेवायला गेला असेल, किंवा त्या दिवशी शहर जळत असेल. सर तर खड्ड्यातच रडायला लागले. कारण होडी कुठूनही वाहत येऊ शकते, पण अर्धी घडवलेली फळी वाहत येत नाही. ती जिथे घडत होती तिथेच पडून राहते. म्हणजे इथे कारखाना होता. म्हणजे ही दलदल नव्हती. म्हणजे गल्लीतले म्हातारे खरं बोलत होते.

कंपनी म्हणाली, फोटो कुणीही काढतं. लाकूड दुसरीकडून आणून टाकलं असेल. आणि मुदत संपल्या दिवशीच, फळ्या जेमतेम बाहेर निघाल्या तोच, तिने खड्डा भराव घालून बुजवला. तेव्हा सरकारने पाहणी समिती नेमली. समितीने येऊन फळ्या स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या, स्वतःच्या हाताने तुकडा तपासणीला न्यायचा आणि मग ठरवायचं, गल्ली राहणार की जाणार.

तोवर फळ्या जिवंत ठेवायचं काम धाकटीचं. मिस्त्रींच्याच बंद कारखान्यात तिने पत्र्याची लांब टाकी बसवली, गोड्या पाण्याने भरली आणि फळ्या त्यात ठेवल्या. मिस्त्रींना हे काही केल्या पटेना.

"लाकूड पाण्यात ठेवतात का गं?"

"हे ठेवायचं असतं, बाबा."

"कुजेल की!"

"कुजून झालंय. आत लाकूड उरलंच नाही. वरून दिसतं तेवढंच. आत पाणी आहे, त्या पाण्याने त्याला उभं धरलंय. पाणी गेलं की सगळं कोसळेल."

"म्हणजे लाकडाच्या आकाराचं पाणी!" मिस्त्री खो खो हसले. "शिकल्या माणसाचं डोकं म्हणजे धन्य आहे बाई."

तीही हसली. तिला घाई होती. नीट बसवून, हातात एखादा तुकडा देऊन, वाळला की त्याचं काय होतं ते दाखवायला हवं होतं. पण मुलीने बापाला लाकडाबद्दल काय शिकवायचं? तेही मिस्त्रींना? तिला तो आगाऊपणा वाटला.

कारखान्याचं कुलूप निघालं आणि मिस्त्री बदलले, हे मात्र खरं. सकाळी दाढी करून तिथे जाऊन बसायचे. टाकीशी खुर्ची टाकून त्या अर्धवट फळीकडे बघत राहायचे. "हा माणूस डावखुरा होता," एकदा म्हणाले. "भोकांचा कल बघ. पण हात साफ होता. माझ्याकडे असता तर ठेवला असता कामाला." धाकटीला कितीतरी दिवसांनी बाप माणसात आल्यासारखा वाटला. म्हणून समिती यायच्या आधी तिला अचानक जावं लागलं, तेव्हा किल्ली तिने त्यांच्याच हातात दिली. फळ्यांत पाण्याच्या जागी भरायचं मेणासारखं रसायन राजधानीत अडकून पडलं होतं, स्वतः जाऊन आणल्याशिवाय मिळणार नव्हतं. सर समितीच्या मागे कचेरीत अडकलेले. दुसरं होतं कोण?

"पाणी कमी झालं तर नळी सोडा. बाकी काही करू नका, बाबा. हात लावू नका."

"अगं जा! जन्म लाकडात गेलाय माझा. मला सांगतेस?"

दोन दिवसांचे दहा झाले. सरकारी गोदामातला कारकून आज या, उद्या या करत राहिला. ती परतली तेव्हा दुपार कलली होती. रसायनाचे डबे टेम्पोतून उतरवण्याआधी ती कारखान्याकडे गेली. दाराशीच तिला वास आला. जवसाच्या तेलाचा. लहानपणी प्रत्येक नवी होडी पाण्यात जायच्या आधी गल्लीभर हाच वास असायचा, आणि त्या वासाने तिला नेहमी बरं वाटायचं. आता तिने धावत जाऊन दार ढकललं.

टाकी रिकामी होती, घासूनपुसून लख्ख. फळ्या घडवंच्यांवर ओळीने मांडल्या होत्या. काळपट, तुकतुकीत. पहिल्या नजरेला त्या तिला ओळखूच आल्या नाहीत, कारण त्या लहान झाल्या होत्या. पिळवटल्या होत्या, आतल्या बाजूला वळल्या होत्या.

"ये ये ये!" मिस्त्री आतून आले. अंगात जुना कामाचा सदरा, बाह्या दुमडलेल्या, चेहऱ्यावर वीस वर्षं मागे गेल्याचं तेज. "बघून घे आधी, मग बोल. तू गेलीस आणि दुसऱ्या दिवशीच पाण्याला वास सुटला. बुळबुळीत शेवाळ धरलं होतं गं. म्हटलं, मोठी माणसं बघायला येणार आणि घरातलं माणूस असं न्हाऊ न घालता बसवायचं? काढल्या बाहेर. आधी सावलीत ठेवल्या, एकदम उन्हात नाही नेल्या, मला कळतं तेवढं. मग ऊन दिलं. भेगा पडल्या थोड्या, त्या भुसा आणि डिंक घालून भरल्या. वरचं खरबरीत होतं ते अलगद तासून काढलं. आणि तेलाचे तीन हात दिलेत. आता शंभर वर्षं बघायला नको!"

हत्यारांच्या खुणा त्या खरबरीत पृष्ठभागावरच होत्या. तिने नुसती मान हलवली.

"आणि हे बघ. हे बघ तर खरं." त्यांनी तिचा हात धरून तिला शेवटच्या घडवंचीकडे नेलं. लहान पोर शाळेतलं चित्र दाखवतं तसं. "ओली असतानाच पाडली. वाळल्यावर फुटली असती."

अर्धवट फळी पुरी झाली होती. ज्या खुणा होत्या तिथे तिथे भोकं होती, एका रेषेत, त्याच कलाने. डावखुऱ्या माणसाचा कल जुळावा म्हणून मिस्त्रींनी गिरमिट डाव्या हातात धरलं होतं. पहिली भोकं कुठे संपतात आणि दुसरी कुठे सुरू होतात हे सांगता आलं नसतं.

"बिचाऱ्याचं काम अर्धवट राहिलं होतं इतकी वर्षं," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा हलला. "आपल्याच माणसाचं. कुणीतरी पुरं करायला नको?"

तिला किंचाळावंसं वाटलं. तुम्हाला सांगितलं होतं ना, हात लावू नका म्हणून! तिला त्या म्हाताऱ्याचे खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटलं, आणि त्याच वेळी त्याच खांद्यावर डोकं ठेवून रडावंसं वाटलं. तिने दोन्हीतलं काही केलं नाही.

"छान झालंय, बाबा," ती म्हणाली.

एकदा खोटं बोललं की पुढचं आपोआप सुचतं. संध्याकाळी सर आले, फळ्या पाहिल्या आणि होते तिथे जमिनीवर बसले. "कुणी केलं हे?" त्यांनी विचारलं.

"मी," ती म्हणाली. "जाण्याआधी पाणी सोडलं, बदलायला. पुन्हा भरायचं विसरले. मग जे सुचलं ते केलं."

"तेल? तू तेल लावलंस?"

"हो."

सर तिच्याकडे बघत राहिले. तेही इतके खुळे नव्हते. पलीकडे ओट्यावर मिस्त्री दोन शेजाऱ्यांना डाव्या हाताने गिरमिट कसं धरायचं ते दाखवत होते. सरांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "तुझी नोकरी जाईल."

"जाऊ दे."

"आणि गल्ली?"

माणूस एका वेळी किती जणांना वाचवणार? गल्ली तर गेलीच होती. निदान गल्ली कुणी घालवली हे बापाला कळू नये, एवढंच तिच्या हातात उरलं होतं. समितीला सकाळी लवकर बोलवायचं, मिस्त्रींना घरीच ठेवायचं, सगळं आपल्या अंगावर घ्यायचं. कंपनीने जागा घेतली की मिस्त्री कंपनीला शिव्या देतील, सरकारला देतील, नशिबाला देतील. शिव्या देत माणूस जगू शकतो.

पण मिस्त्रींना घरी ठेवणं म्हणजे भरतीला थांब म्हणण्यासारखं. सकाळी समितीची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली, तर हे इस्त्रीचा शर्ट घालून आधीच कारखान्याच्या दारात उभे. मागे सगळी गल्ली. बायका, म्हातारे, कडेवर पोरं. मिस्त्रींनीच आवतण दिलं होतं.

समितीच्या प्रमुख एक वयस्क बाई होत्या. बोलायला मऊ, डोळ्यांवर जाड चष्मा. त्या फळ्यांजवळ गेल्या, वाकल्या, आणि बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. मग त्यांनी बोटाने एक भोक चाचपलं, बोट नाकाशी नेलं.

"हे पाण्यात होतं ना? अहवालात तसं आहे."

"हो," धाकटी पुढे झाली. "माझी चूक झाली. मीच काढलं, मीच वाळवलं. सगळं मी केलंय."

"तू?" मागून आवाज आला.

तिने वळून पाहिलं. मिस्त्रींचा चेहरा लालबुंद झाला होता.

"बाबा, तुम्ही थांबा जरा."

"का थांबू? तू केलंस?" ते गर्दीतून पुढे आले. "बाई, माझी लेक आहे, गुणाची आहे, पण खोटं बोलतेय. हिला साधा रंधा धरता येत नाही! हे काम माझं आहे. तासणं माझं, तेल माझं, ही भोकं माझी. आयुष्यभर केलेल्या कामावर कंत्राटदारांनी आपली नावं लावली, तेव्हा मी गप्प बसलो. हे शेवटचं काम आहे माझं. आज नाही गप्प बसणार." आणि धाकटीकडे वळून, खरोखर दुखावून म्हणाले, "तू तरी असं करायचं नव्हतंस गं."

बाईंनी धाकटीकडे पाहिलं, मिस्त्रींकडे पाहिलं. त्यांना सगळं समजलं होतं. त्या वाईट नव्हत्या, म्हणूनच पुढचं ऐकणं जास्त कठीण झालं.

"काम फार सुंदर आहे, मिस्त्री," त्या म्हणाल्या. "असा हात आता बघायला मिळत नाही. पण आम्हाला तुमचं काम बघायचं नव्हतं. त्याचं बघायचं होतं. ते आता यात राहिलेलं नाही. खुणा गेल्या, आकार गेला. तेल आतपर्यंत मुरलंय, तपासणीला तुकडा नेला तरी कुठलीही प्रयोगशाळा तो ग्राह्य धरणार नाही. आणि कंपनीचे लोक म्हणतील, ही फळी परवा बनवली. त्यांना मी काय उत्तर देऊ? ती परवाच तर बनली."

"पण ते त्याचंच आहे," मिस्त्री म्हणाले. "मी फक्त पुरं केलं."

"अर्धं होतं तोवरच ते आपल्या उपयोगाचं होतं हो."

बाईंनी चष्मा काढून पुसला. जे दिसलं तेच लिहावं लागेल, असं हलक्या आवाजात सरांना सांगितलं, आणि समिती गाडीकडे निघाली. गल्ली बाजूला सरली. कुणीतरी म्हणालं, "म्हणजे काय झालं?" आणि कुणीतरी त्याला कानात सांगितलं. ते कानात सांगणं मागे मागे पसरत गेलं. मिस्त्री तसेच उभे होते आणि ते पसरताना बघत होते. एकानेही त्यांना शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. बायकांनी पोरं उचलली आणि सगळे आपापल्या घरी गेले. अजून आपलीच होती ती घरं.

कारखान्यात बापलेक दोघंच उरले.

"बाबा, चला, चहा घेऊ," धाकटी म्हणाली.

मिस्त्री टाकीकडे गेले. नळी लावली. पाणी भरेपर्यंत काठाला धरून उभे राहिले. मग त्या पुऱ्या झालेल्या फळीचं एक टोक त्यांनी धरलं. "दुसरीकडून उचल."

"बाबा..."

"होडी उन्हात सुकून तिच्या फटी उघडल्या तर आपण काय करतो? पाण्यात बुडवून ठेवतो की नाही? लाकूड फुगतं, फटी मिटतात. किती होड्या अशा नीट झाल्यात माझ्या हाताने. तू पाहिल्यात लहानपणी. उचल."

याचा काही उपयोग नाही, हे तिला माहीत होतं. तिने उचललं. फळी इतकी हलकी झाली होती की दोघांची गरजच नव्हती. पाण्यात ठेवली तशी ती वर आली आणि तरंगू लागली. छान तरंगत होती, जराही कलत नव्हती. वर तेलाचे इंद्रधनुष्यी डाग पसरले. मिस्त्रींनी दोन्ही तळहात टेकवून तिला खाली दाबली. हात सैल पडले तशी ती वर आली. त्यांनी पुन्हा दाबली. पाणी काठावरून सांडून त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर, पायांवर पडत होतं.

"भिजू दे," ते म्हणत होते. "थोडा वेळ लागतो. भिजू दे."

ती शेजारी उभी राहून बघत राहिली. मग त्यांनी तिच्याकडे न बघता विचारलं, "मीच घालवलं ना गं सगळं?"

नाही बाबा, कंपनीने घालवलं. नाही बाबा, ते आधीच गेलं होतं. सगळी उत्तरं तिच्या जिभेवर तयार होती. पण कालपासून ती बापाशी खोटं बोलत होती आणि त्याच खोट्याने त्याला चारचौघांत उभं करून मारलं होतं.

"हो, बाबा," ती म्हणाली.

मिस्त्रींनी मान हलवली, आणि फळी पुन्हा दोन्ही हातांनी पाण्याखाली दाबून धरली.